रुमालाखालचा भाव

जुन्या लुगड्याची घडी उजेडाकडे धरून "विरलंय हो बाई" म्हणणारी बोहारीण आणि तिच्या टोपलीतल्या पातेल्याचे बूड वाजवून "पत्रा पातळ आहे" असे ऐकवणारी गृहिणी, यांच्यातील दारातला संवाद महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांच्या परिचयाचा आहे. या घासाघिशीत एक प्रकारची कला होती, करमणूक होती आणि शेजारणींचा सहभागही होता. परंतु तिच्या तळाशी एक विषमता होती, ती मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नसे. गृहिणीला सौदा मोडण्याची मुभा होती. बोहारणीला ती नव्हती, कारण तिची त्या दिवसाची भाकरी त्या टोपलीवर अवलंबून होती. ज्याला उठून जाता येते त्याचा भाव चालतो आणि ज्याला उठता येत नाही त्याला मिळेल तो भाव घ्यावा लागतो, हा बाजाराचा आद्य नियम त्या उंबरठ्यावरच शिकायला मिळत असे.

हाच नियम आज अमेरिकेतील एका चमत्कारिक बाजारात नव्याने दिसत आहे. हा बाजार जुन्या काळ्या चष्म्यांचा आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे गॉगल ईबेसारख्या इंटरनेटवरील बाजारपेठांत पुन्हा विकावयास येतात, त्यांवर बोली लागते, प्रति-बोली लागते, रुसवेफुगवे होतात, आणि अखेर एखादी चौकट नव्या चष्म्याच्या कितीतरी पट किमतीला जाते. समाजवादी कार्यकर्त्याने या श्रीमंती चोचल्याकडे कशासाठी पाहावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, जीवनावश्यक वस्तूंच्या बाजारात किमतीचे खरे स्वरूप गरजेच्या धुरळ्याने झाकले जाते. ज्या वस्तूवाचून कोणाचेच अडत नाही, तिच्या बाजारात किंमत ही काय चीज आहे हे अधिक स्वच्छ दिसते.

रेबॅन या नावाचे उदाहरण घ्यावे. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील बॉश अँड लाँब या भिंगे बनवणाऱ्या कंपनीने वैमानिकांच्या डोळ्यांना आकाशातील तिरीप सोसवेना म्हणून हिरव्या काचेचा चष्मा तयार केला आणि १९३७ च्या सुमारास तो सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आणला. पुढे १९५० च्या दशकात जाड चौकटीचा वेफेअरर आला. १९८३ साली एका गाजलेल्या चित्रपटातील तरुण नायकाने तो डोळ्यांवर चढवला आणि खप पुन्हा वाढला. १९९९ साली बॉश अँड लाँबने हा सारा व्यवसाय लक्झोटिका या इटालियन कंपनीला ६४ कोटी डॉलरला विकला. अमेरिकेतील उत्पादन थांबले आणि ते मुख्यतः इटलीत हलले. चष्म्याचे नाव तेच राहिले, आकारही पुष्कळसा तोच राहिला. परंतु बिजागरीजवळ काचेच्या कडेला पूर्वी 'बीएल' अशी बारीक अक्षरे कोरलेली असत, तेथे 'आरबी' ही अक्षरे आली.

आज संग्राहक भिंग घेऊन शोधतो ती हीच दोन अक्षरे. ती असली की भाव वाढतो. नसली की उतरतो. उन्हापासून डोळ्यांचे रक्षण करण्याचे काम दोन्ही चष्मे करतात, म्हणजे उपयोगात मोठासा फरक नाही. तेव्हा हा वरचा भाव कशाचा? तो एका बंद पडलेल्या उत्पादनाचा भाव आहे. अमेरिकन कामगाराने काच घासली, चौकट वाकवली, बिजागरी बसवली, तेव्हा त्या श्रमाला बाजाराने ठरलेल्या मजुरीपलीकडे काही दिले नाही. पुढे ते काम तेथून गेले, आणि काम गेले म्हणूनच त्या कामाची खूण दुर्मीळ ठरली. वाढलेल्या किमतीतला एक सेंटही ज्याने ती खूण कोरली त्याच्या घरी जात नाही. श्रम जिवंत असताना स्वस्त आणि मेल्यावर मौल्यवान, अशी ही विपरीत रीत आहे.

मुंबईच्या वाचकाला ही रीत परकी वाटू नये. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. ज्या लाकडी बॉबिनांवर सूत गुंडाळताना कामगारांच्या बोटांना घट्टे पडले, तसल्या बॉबिना आज दिवाणखान्यात मेणबत्त्या लावण्यासाठी शोभेची वस्तू म्हणून विकल्या जातात. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा आहे. गिरणी चालू असताना बॉबिन हा सामानाच्या यादीतला एक क्षुल्लक नग होता. गिरणी गेल्यावर तो 'वारसा' झाला. मार्क्सने १८६७ साली वस्तूच्या अंगी येणाऱ्या जादूविषयी जे लिहिले त्याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याचे कारण नाही. माणसामाणसांतले नाते वस्तूच्या अंगचा गुण म्हणून मिरवू लागते आणि नात्यातला माणूस विस्मरणात जातो.

आता प्रत्यक्ष घासाघीस कशी चालते ते पाहावे. समजा, कोणी आपल्या वडिलांच्या खणात सापडलेला जुना चष्मा १८० डॉलरला मांडला. पहिला गिऱ्हाईक ९० देऊ करतो. विक्रेता चिडतो, पण १५० म्हणतो. गिऱ्हाईक काचेवरचा ओरखडा दाखवतो, डबी नसल्याचे काढतो, आणखी एक असाच नग स्वस्तात असल्याचे सुचवतो. शेवटी १३० ला सौदा पटतो. दोघांनाही आपण थोडे ठकलो असे वाटते. मधला बाजार मात्र कधीच ठकत नाही. तो शेकडा तेराच्या आसपास आपली अडत घेतो, म्हणजे या सौद्यात सुमारे १७ डॉलर त्याच्या पदरात पडतात. भाव ९० ठरो की १८०, आडत्याचे शेकडा ठरलेलेच असते. खालच्या दोघांनी भांडावे, रुसावे, एकमेकांना लोभी आणि चिकट म्हणावे, आणि वरच्याने दोघांकडे सारख्याच प्रेमाने पाहावे, ही व्यवस्था कोणत्याही मोंढ्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही.

या बाजारातील एक गोष्ट तर विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. विकल्या गेलेल्या नगांची यादी ईबेवर सर्वांना पाहता येते, आणि नवा विक्रेता त्या यादीवरूनच आपला भाव बांधतो. परंतु सौदा घासाघिशीने पटला असेल, तर तेथे मूळ मागितलेली किंमत खोडलेली दिसते आणि 'देऊ केलेली रक्कम स्वीकारली' एवढीच नोंद असते. प्रत्यक्षात किती पैसे हातात पडले ते त्या यादीत दिसत नाही. विक्रेत्यांसाठी जे निराळे संशोधनाचे साधन ठेवलेले आहे, त्यात खरा आकडा सापडतो. सहज डोकावणाऱ्या गिऱ्हाइकाला तो सापडत नाही. परिणामी १८० चा आकडा लोकांच्या मनात राहतो, १३० चा झाकला जातो, आणि पुढचा माणूस १८० पासूनच सुरुवात करतो.

महाराष्ट्रातील बाजार समित्यांच्या इतिहासात या प्रकाराला एक नाव आहे: हत्ता पद्धत. आडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालत, बोटे दाबून भाव ठरवत, आणि ज्याचा माल होता तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत असे. भाव त्याच्या मालाचा, पण त्याला तो सर्वांत शेवटी कळे. १९६३ चा बाजार समिती कायदा आणि त्याखालील नियम यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला, तो उगाच नव्हे. उघडपणे पुकारलेला भाव आणि रुमालाखालचा भाव यांत केवळ रीतीचा फरक नाही. तो सत्तेचा फरक आहे. माहिती ज्याच्या मुठीत, बाजार त्याच्या मुठीत. संगणकाच्या पडद्याने रुमाल काढून टाकला, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक त्याने रुमाल फक्त अधिक तलम केला आहे.

माहितीच्या विषमतेचे दुष्परिणाम अर्थशास्त्राला अपरिचित नाहीत. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवले की, विक्रेत्याला दोष ठाऊक आणि गिऱ्हाइकाला नाही, अशी स्थिती असली म्हणजे गिऱ्हाईक सर्वच मालाला खोटा समजून भाव पाडतो, आणि मग चांगला माल असणारा माणूस बाजारातून अंग काढून घेतो. याच कामगिरीसाठी पुढे २००१ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. चष्म्यांच्या बाजारात हेच घडते. नकली माल इतका आहे की अस्सल माल विकणाऱ्यालाही आपण चोर नसल्याचे आधी सिद्ध करावे लागते. ज्या पहिल्या ९० डॉलरच्या बोलीने विक्रेता दुखावतो, ती बोली पुष्कळदा कंजूषपणाची नसते, भीतीची असते. दोन प्रामाणिक माणसे एकमेकांचा अपमान करून मोकळी होतात आणि अपमानाचे मूळ ज्या व्यवस्थेत आहे तिच्याकडे दोघांचीही पाठ असते.

नकली मालाविषयी बोलताना नीतीचा आव आणणेही सोपे आहे. ओकली कंपनीने १९९९ साली 'ज्युलिएट' नावाचा धातूचा चष्मा काढला. त्याचे उत्पादन पुढे थांबले आणि संग्राहकांत त्याचा भाव चढत गेला. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या कडेच्या गरीब वस्त्यांतील तरुणांनी मात्र हाच चष्मा आपल्या वस्तीची खूण म्हणून उचलला. अस्सल नग त्यांच्या आवाक्याबाहेरचा, म्हणून नकलीचा सुकाळ झाला. त्या मुलांना 'खोटा माल वापरणारे' म्हणून हिणवणे हे अर्धसत्य होय. मान मिळवण्याची इच्छा सर्वांच्या मनात जाहिरातीने पेरायची आणि मानाची वस्तू मात्र थोड्यांच्याच हाती लागेल अशी तजवीज करायची, या दोन क्रिया जी व्यवस्था एकाच वेळी करते, तिला नकलेविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार मर्यादितच आहे. थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ सालीच दाखवून दिले होते की, काही वस्तूंच्या बाबतीत किंमत हाच वस्तूचा उपयोग असतो.

येथे बाजारवाद्यांचा एक आक्षेप येतो. दोन सज्ञान माणसे स्वखुशीने सौदा करतात, त्यात तिसऱ्याने नाक खुपसण्याचे कारण काय? चष्मा शोभेचा आहे आणि दोघेही पोटाने भरलेले आहेत तोवर या आक्षेपात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. समाजवाद म्हणजे लोकांच्या छंदांवर पोलीस पहारा नव्हे. जुनी वस्तू जपणारा, तिची बिजागरी दुरुस्त करणारा, ती कोणी आणि कशी बनवली याचा शोध घेणारा संग्राहक हा नव्या मालाच्या मागे धावणाऱ्यापेक्षा श्रमाचा अधिक आदर करतो, असेही म्हणता येईल. परंतु 'स्वखुशी' हा शब्द तपासून घ्यावा लागतो. ज्याची नोकरी गेली आहे, ज्याच्या घरी दवाखान्याचे बिल येऊन पडले आहे, आणि जो म्हणून वडिलांचा चष्मा विकायला काढतो, त्याच्या सौद्यात वरवर स्वखुशी असली तरी आत निकड असते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण ज्या समाजाने घडवली त्याला स्वखुशीच्या सौद्याची मीमांसा कोणी शिकवण्याची गरज नाही. घासाघीस ही समानांमध्ये कला असते. असमानांमध्ये ती पिळवणूक होते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ही सारी घासाघीस बाजाराच्या तळाला चालते. वरच्या मजल्यावर घासाघीस नाही. तेथे शांतता आहे. लक्झोटिकाचा संस्थापक लिओनार्दो देल वेक्किओ मिलानमधील अनाथाश्रमात वाढला, लहानपणी साचे बनवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली राबला, आणि १९६१ साली इटलीतील आगोर्दो या गावी त्याने चष्म्याचे सुटे भाग बनवण्याचा धंदा मांडला. त्याच्या कर्तृत्वाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु एका माणसाचे कर्तृत्व आणि एका मक्तेदारीचे समर्थन या भिन्न गोष्टी आहेत. या कंपनीने २००१ साली सनग्लास हट ही दुकानांची साखळी विकत घेतली. त्याच वर्षी त्या दुकानांतून ओकलीच्या मालाची मागणी कमी करण्यात आली आणि ओकलीच्या शेअरचा भाव कोसळला. वर्षाअखेर तडजोड झाली. २००७ साली ओकलीच सुमारे २१० कोटी डॉलरला लक्झोटिकाच्या पोटात गेली. २०१८ साली एसिलॉर या भिंगे बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीशी तिचे एकत्रीकरण पूर्ण झाले. चौकट, भिंग, नाममुद्रा आणि दुकान या चारही गोष्टी एकाच छत्राखाली आल्या.

त्या दुकानात काचेच्या कपाटासमोर उभे राहून कोणी घासाघीस करीत नाही. तेथे चिठ्ठीवर जे लिहिले असेल ते मुकाट्याने मोजले जाते. 'एकच भाव' ही पद्धत एके काळी ग्राहकाच्या हिताची सुधारणा होती. फिलाडेल्फियाच्या जॉन वानामेकरसारख्या दुकानदारांनी एकोणिसाव्या शतकात ती रूढ करताना गरीब आणि श्रीमंत, भोळा आणि चतुर अशा सर्वांना सारखाच भाव, असा तिचा अर्थ होता. मक्तेदारीच्या हाती पडल्यावर त्याच पाटीचा अर्थ 'हाच भाव, दुसरा नाही' असा झाला. तेव्हा जुन्या चष्म्याच्या विक्रेत्याने ४० डॉलर अधिक मागितले म्हणून त्याच्या लोभावर प्रवचन झोडणाऱ्यांनी, नव्या चष्म्याच्या किमतीत उत्पादनखर्च किती आणि नाममुद्रेचा कर किती, हा प्रश्न कधी विचारला आहे काय? डॉ. राममनोहर लोहिया यांनी दामनीती मांडताना, जीवनावश्यक कारखानी मालाची विक्रीची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक नसावी, असे साधे माप सांगितले होते. त्या मापाची त्या वेळी थट्टा झाली. आज थट्टा करणाऱ्यांपाशी दुसरे कोणतेही माप नाही, ही वस्तुस्थिती आहे.

आणि चष्मा ही केवळ शोभेची वस्तू नाही, येथे या विषयाचा खरा गाभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार, चाळिशी आली आणि चष्मा मिळाला नाही एवढ्याच कारणाने जवळचे नीट न दिसणारी माणसे जगात ८२ कोटी ६० लाख आहेत. आसामातील चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढील कामगारांवर झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचे पाहण्याचा साधा चष्मा दिला, त्यांची पाने खुडण्याची क्षमता चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. एका बाजूला बंद पडलेल्या उत्पादनाच्या दोन अक्षरांसाठी शेकडो डॉलर मोजणारे जग आहे. दुसऱ्या बाजूला काही रुपयांच्या भिंगावाचून सुईत दोरा ओवता न येणारी शिंपीण, तांदळातला खडा न दिसणारी आजी आणि पान खुडताना बोट चुकणारी मजूर स्त्री आहे. दोन्ही ठिकाणी वस्तू एकच: दोन काचा आणि एक चौकट. बाजाराच्या लेखी पहिल्या जगाची हौस ही 'मागणी' ठरते आणि दुसऱ्या जगाची गरज ही मागणी ठरतच नाही, कारण तिच्या हातात पैसा नसतो. बाजार गरज मोजत नाही, तो खिसा मोजतो.

या विवेचनातून कार्यकर्त्यांसाठी काही कामे निघतात. पहिले काम माहितीचे. ज्या ज्या बाजारात मधला आडत्या सौद्याची नोंद ठेवतो, तेथे प्रत्यक्ष पटलेला भाव सर्वांना सारखाच उघड असला पाहिजे. मग तो बाजार कांद्याचा असो, जुन्या मोटारसायकलचा असो किंवा चष्म्याचा. दुसरे काम अडतीचे. इंटरनेटवरील बाजार आता गावोगावच्या लहान विक्रेत्यांपर्यंत आला आहे. त्याने शेकडा किती घ्यावे आणि कशाबद्दल घ्यावे हा प्रश्न बाजार समितीच्या अडतीइतकाच सार्वजनिक आहे. तिसरे काम दुरुस्तीच्या हक्काचे. चष्म्याच्या नाकावरच्या गाद्या आणि कानामागची रबरी आवरणे झिजली, आणि कंपनीने सुटे भाग देणे थांबवले, म्हणून धडधाकट वस्तू कचऱ्यात जाऊ नये; वस्तू टिकली तर तिच्यातला श्रम टिकतो. आणि चौथे, सर्वांत निकडीचे: वाचण्याचा आणि कामाचा चष्मा हा शिधापत्रिकेवरील धान्यासारखा हक्काचा मानला गेला पाहिजे, आणि पक्षाच्या प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीत चाळिशीपुढची किती माणसे त्यावाचून अडली आहेत याची यादी करण्यापासून सुरुवात केली पाहिजे.

१९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाईविरुद्ध लाटणी हाती घेऊन मुंबईचे रस्ते दणाणून सोडले, तेव्हा त्या घासाघीसच करीत होत्या. फरक एवढाच की, ती एकट्या बाईने दुकानदाराशी केलेली घासाघीस नव्हती. हजारो बायांनी मिळून राज्यव्यवस्थेशी केलेली होती. उंबरठ्यावर एकटी बसलेली बोहारीण उठून जाऊ शकत नव्हती. संघटित झालेली माणसे उठू शकतात, भाव नाकारू शकतात आणि रुमाल बाजूला करून बोटे मोजू शकतात. किंमत ही आकाशातून पडत नाही, ती माणसे ठरवतात. ती थोड्यांनी झाकून ठरवायची की सर्वांनी उघड्यावर ठरवायची, हा निर्णय मात्र अजून व्हायचा आहे.